समुद्राकाठच्या कॅम्पवर भरती-ओहोटीचा फळा लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या सुट्टीच्या पुरवणीत समुद्रकिनारी टेंट टाकून राहण्याबद्दल जे काही छापून येतं ते मी आवर्जून वाचते, पण दरवेळी एक गोष्ट खटकते, म्हणून आज लिहायलाच बसले. टेंट कसा निवडायचा, सूर्यास्त कुठून छान दिसतो, फोटो कुठे काढायचे, गाडी थेट कुठपर्यंत जाते हे सगळं त्यात असतं. पण सकाळी उठून तिथूनच चालत निघायचं असेल किंवा सायकल काढायची असेल तर किती वाजता निघायचं, डावीकडे जायचं की उजवीकडे, आणि परतीची वाट किती वाजता पाण्याखाली जाते, यातलं एक अक्षरही नसतं. कॅम्पवर पोचल्यावर तिथे तरी सांगतील म्हणावं तर तिथेही चेक-आउटची वेळ ठळक लिहिलेली असते, जेवणाची वेळ लिहिलेली असते, समुद्राची वेळ कुठेच नसते.

माझ्या मते समुद्राकाठी मुक्काम करण्यातलं सगळ्यात मोठं सुख म्हणजे टेंटची चेन उघडायची, बूट घालायचे आणि चालायला लागायचं. गाडी काढायची नाही, पार्किंग शोधायचं नाही, एका हाताला पाणी असलं की वाट चुकायची भीती नाही. आणि हे इतकं सोपं वाटतं म्हणूनच लोक काही बघत नाहीत, काही विचारत नाहीत, उठतात आणि निघतात. डोंगरात जाताना तीच माणसं नकाशा घेतात, वाटाड्या घेतात, पाणी मोजून घेतात, कारण डोंगराचा धाक असतो. किनाऱ्याचा धाक वाटत नाही. पण डोंगरातली वाट सकाळी जिथे होती तिथेच संध्याकाळी असते, आणि किनाऱ्यावरची वाट बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदा नाहीशी होते.

भरती-ओहोटी शाळेत सगळेच शिकलेत, पण पायी चालणाऱ्याला त्यातलं नेमकं काय लागतं ते कुणी सांगितलेलं नसतं. जगातल्या बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, म्हणजे काल जी ओहोटी सकाळी आठला होती ती आज पावणेनऊ-नऊच्या आसपास. कॅम्पवर तीन-चार दिवस राहिलात तर चौथ्या दिवशी वेळ दोन-अडीच तासांनी सरकलेली असते, आणि पहिल्या दिवशी 'आठ वाजता मस्त मोकळा किनारा होता' म्हणून चौथ्या दिवशीही आठलाच निघणारा माणूस भलत्याच समुद्रात जातो. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, ती म्हणजे पाणी एकाच वेगाने चढत नाही. दर्यावर्दी लोक यासाठी बारा भागांचा एक ढोबळ हिशोब वापरतात. एकूण चढ बारा भागांत वाटायचा, पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात परत एक. समजा ओहोटी आणि भरतीत सहा मीटरचा फरक आहे, तर पहिल्या तासात पाणी फक्त अर्धा मीटर चढतं. चालणारा माणूस बघतो आणि म्हणतो की काही घाई नाही, हळूहळू येतंय. मग तिसऱ्या तासात तेच पाणी दीड मीटर चढतं आणि चौथ्यातही दीड मीटर, म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मा समुद्र येतो. किनारा सपाट असेल, समजा पन्नास मीटर चाललं की एक मीटर उतार इतका, तर एका तासात पाण्याची रेघ पंचाहत्तर मीटर आत येते. पाऊण तास शंख-शिंपले वेचत बसलेल्या कुटुंबाला मागे वळल्यावर वाट दिसत नाही ती यामुळे.

अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं, म्हणजे पाणी जास्त चढतं आणि तितकंच जास्त उतरतंही, आणि अष्टमीच्या सुमाराला भांग असतो तेव्हा दोन्हीकडे कमी. उधाण बरोबर त्याच दिवशी असतं असंही नाही, बऱ्याच ठिकाणी ते एक-दोन दिवस उशिरा येतं. आता यातली एक गोष्ट मला फार आवडते आणि ती चालणाऱ्यांच्या फारच कामाची आहे. एखाद्या ठराविक किनाऱ्यावर उधाणाची भरती नेहमी घड्याळाच्या साधारण त्याच वेळेला येते. म्हणजे अमुक किनाऱ्यावर पौर्णिमेची भरती दुपारी बाराच्या आसपास असेल तर पुढच्या अमावस्येलाही ती बाराच्याच आसपास असते आणि त्यानंतरच्या पौर्णिमेलाही. त्यामुळे कॅम्प चालवणाऱ्याला ही एक वेळ कायमची ठाऊक असली, की तिथी बघून बाकीच्या दिवसांचा अंदाज तो सहज सांगू शकतो, दर तिथीला पाऊण तासाहून थोडं जास्त पुढे ढकलायचं, बस. त्याला ॲप लागत नाही, रेंज लागत नाही. पण हे त्या त्या जागेचं गणित आहे, एकीकडचं दुसरीकडे चालत नाही. कॅनडातल्या बे ऑफ फंडीमध्ये भरती-ओहोटीतला फरक १६ मीटरपर्यंत जातो, म्हणजे पाच मजली इमारत बुडेल एवढा, आणि भूमध्य समुद्राच्या बऱ्याचशा किनाऱ्यांवर तो इतका थोडा असतो की चालणाऱ्याला जाणवतही नाही. मेक्सिकोच्या आखातात काही ठिकाणी तर दिवसात एकच भरती येते. म्हणून 'समुद्रकिनारी काळजी घ्या' असं गोल गोल लिहिण्याचा काही उपयोग नाही, या किनाऱ्यावर आज किती वाजता, हे लिहायला हवं.

आणि छापलेला आकडाही शेवटचा नसतो. हवेचा दाब कमी झाला की समुद्राची पातळी वर येते, एका हेक्टोपास्कलला (हवेचा दाब मोजायचं माप) साधारण एक सेंटीमीटर, त्यात वारा किनाऱ्याकडे जोरात असेल तर पाणी अजून आत ढकललं जातं. वादळी हवा असली की भरती-ओहोटीच्या वेळापत्रकात काहीही लिहिलेलं असू दे, खालच्या वाटेने जाऊच नये.

एका कॅम्पवर (नाव लिहीत नाही, उगाच एकट्याला दोष नको, सगळीकडे तीच तऱ्हा आहे) मी एक मोठा ग्रुप डोंगराच्या सोंडेपलीकडे अडकलेला बघितलाय. त्या सोंडेला वळसा घातला की पलीकडे छोटी सुंदर पुळण आहे, खालून जायला ओहोटीच्या वेळी दगडांवरून वाट मिळते. हे लोक ओहोटी संपता संपता गेले, पलीकडे तासभर थांबले आणि परत यायला निघाले तर दगड पाण्याखाली. त्यांच्यात लहान मुलं होती, एक आजी होत्या. वरून काट्याकुट्यातून चढून यावं लागलं, कुणाला काही झालं नाही पण ती मुलं घाबरून रडत होती आणि आजींचे हात सोलवटले होते. कॅम्पवरचा पोरगा नंतर म्हणाला की हो, तिथून दोन तासच जाता येतं, आम्हाला माहितीये. माहितीये! मग निघताना सांगितलं का नाही, एक फळा आणि खडू यापेक्षा जास्त खर्च नव्हता त्याला. मला राग त्या मुलाचा आला नाही, त्याला कुणी सांगायला सांगितलंच नव्हतं.

अशा सोंडेचा नियम साधा आहे. पाणी अजून उतरत असतानाच तिथे पोचायचं, म्हणजे ओहोटीच्या तळाच्या तासभर आधी, आणि पाणी चढायला लागायच्या सुमाराला परत अलीकडे आलेलं असायचं. तळाची वेळ ही निघायची वेळ धरायचीच नाही. खाडीच्या तोंडाचं याहून वाईट, तिथे पाणी गुडघाभर दिसतं पण ओहोटीचा ओढा सरळ समुद्रात नेतो आणि खालची वाळू पायाखालून सरकते, त्यामुळे रोज तिथून जाणाऱ्या माणसाशिवाय उतरूच नये, लांबचा पूल असेल तर तोच बरा. इंग्लंडमधल्या मोरकॅम्ब बेमध्ये ओहोटीच्या वेळी वाळूवरून खाडी ओलांडायची जुनी वाट आहे, आणि तिथे लोकांना नेण्यासाठी राजाच्या नेमणुकीचा वाटाड्या असतो, ही नेमणूक सोळाव्या शतकापासून चालत आलीये. कारण तिथलं वाळूतलं पाणी जागा बदलत राहतं, कालची वाट आज रुतणारी असू शकते. चारशेहून जास्त वर्षं एक समाज म्हणतोय की या वाटेवर माहीतगार माणूस हवाच.

आता चालण्याबद्दल थोडं, कारण लोक वाळूवर चालायला जातात आणि दोन किलोमीटरमध्ये दमून परत येतात आणि मग म्हणतात आपल्याला जमत नाही. तुमचं काही चुकत नाहीये, वाळूच तशी आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं होतं की त्याच वेगाने चालताना कोरड्या-मऊ वाळूवर कडक जमिनीच्या २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. म्हणजे वाळूतले चार किलोमीटर हे रस्त्यावरच्या आठ-दहासारखे धरून प्लॅन करा. उपाय परत ओहोटीतच आहे. पाणी नुकतंच मागे गेलेल्या पट्ट्यात वाळूच्या कणांमध्ये पाण्याचा पातळ थर असतो, तो कणांना एकमेकांकडे ओढून धरतो आणि वाळू फरशीसारखी घट्ट होते. वरची कोरडी वाळू सैल, अगदी पाण्याच्या कडेची भिजून गच्च झालेली वाळूही सैल, मधला दमट पट्टा चालायला उत्तम. म्हणजे चांगली वाट मिळायलाही ओहोटीचीच वेळ माहिती पाहिजे, नुसतं जीव वाचवायला नव्हे. अजून एक, किनारा पाण्याकडे उतरता असतो त्यामुळे एक पाय सतत खाली पडतो, गुडघा-कंबर दुखते ती यामुळे. जाताना आणि येताना त्याच उताराने आलात तर दोन्ही पायांना सारखं होतं, पण जाताना खालून आणि येताना वरच्या रस्त्याने असं केलं तर एकाच बाजूला सगळा भार. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात त्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. आणि टोपी घाला, ऊन वरूनच नाही खालूनही लागतं, कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्के परत फेकते आणि समुद्राचा फेस २५ टक्के.

सायकलवाल्यांचं घड्याळ मात्र वाऱ्याचं. रात्री जमीन लवकर गार होते म्हणून जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो हलका असतो, आणि पहाट ते सकाळ ही समुद्राकाठची सगळ्यात शांत वेळ. ऊन चढलं की जमीन तापते आणि समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा सुरू होतो, दुपारी तो सगळ्यात जोरात असतो. हे पुस्तकातलं झालं. सायकल चालवताना कळतं ते असं की हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तुम्ही ताशी १५ किलोमीटरने चाललाय आणि समोरून ताशी १५ चाच वारा आला तर अवरोध चौपट होतो, दुप्पट नाही. म्हणून सकाळी पाठीवर वारा घेऊन गाणं म्हणत तीस किलोमीटर गेलेला माणूस दुपारी परत येताना पार गळून जातो, पाणी संपतं, ऊन असतं, आणि किनाऱ्याच्या रस्त्याला आडोसाही नसतो. कायम आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि येताना तो पाठीशी घ्यायचा, एवढं एक पाळलं तरी निम्म्या सायकलवाल्यांचा दिवस वाचेल.

यातही एक बारकावा आहे जो मला कुठे छापलेला दिसत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात खारा वारा दिवसभरात हळूहळू वळतो. समुद्राकडे तोंड करून उभे राहिलात तर सकाळी उशिरा जो वारा समोरून येतो तो संध्याकाळकडे उजव्या हाताकडून यायला लागतो. म्हणजे सकाळी लवकर, वारा पडलेला असताना, समुद्राकडे तोंड केल्यावर उजवीकडे जो रस्ता जातो त्याने निघायचं आणि दुपारनंतर परत यायचं, वारा पाठीशी मिळायची शक्यता जास्त. दक्षिण गोलार्धात उलट. मोसमी वारा किंवा वादळ असेल तेव्हा हे लागू होत नाही, तेव्हा सरळ त्या दिवसाचा अंदाज बघावा. पण शांत हवेच्या दिवसांत हा नियम बऱ्याचदा कामाला येतो, आणि कॅम्पवरचा माणूस वर्षभर तिथेच असतो, त्याच्याइतकं तिथल्या वाऱ्याचं वळण कुणाला ठाऊक असणार. त्याने फक्त बोलायचं.

सायकल वाळूवर घालू का असं बरेच जण विचारतात. दमट घट्ट पट्ट्यावर साधी सायकलही चालते, टायरमधली हवा थोडी कमी केली की अजून बरी, आणि चार इंच रुंद टायरची फॅट बाईक तर त्यासाठीच बनलेली आहे. पण लाटांच्या पाण्यातून सायकल घालू नका, फोटो कितीही छान येवो. खारं पाणी आणि बारीक वाळू चेनमध्ये, बेअरिंगमध्ये, पेडलच्या मधल्या ॲक्सलमध्ये जाऊन बसते आणि सायकल काही दिवसांत करकरायला लागते. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये लोखंडी बोल्ट किंवा सीटचा पाइप असेल तर मिठामुळे ते धातू एकमेकांना खातात आणि मग सीटचा पाइप जो अडकतो तो निघता निघत नाही. संध्याकाळी गोड्या पाण्याने हलकेच धुवायचं (जोराच्या फवाऱ्याने नाही, त्याने मीठ अजून आत जातं), पुसायचं, चेनला तेल द्यायचं. यासाठी कॅम्पवर एक नळ आणि एक जुनं फडकं एवढंच लागतं. पायाचे वाळूचे थर धुवायला नळ असतोच, तोच सायकलसाठी वापरा अशी पाटी लावली तरी पुरे.

आता मुख्य प्रश्न, वाट कुणाची आणि ती कोण सांभाळणार. जिथे हे नीट झालंय तिथे ते आपोआप झालेलं नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला माइनहेडपासून पूल हार्बरपर्यंत १,०१४ किलोमीटरची किनाऱ्याची पायवाट आहे, तिचा बराचसा भाग मुळात तस्करांवर नजर ठेवणाऱ्या गस्तवाल्यांनी तुडवलेला, त्यांना प्रत्येक छोट्या खोबणीत डोकावून बघायचं असायचं म्हणून ती वाट सारखी खाली उतरते आणि सारखी वर चढते, सगळा चढ मिळून जवळजवळ चार एव्हरेस्टइतका होतो. फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरची वाटही अशीच जकातवाल्यांची. पण गस्त बंद झाल्यावर या वाटा बुजल्याच असत्या, कायदा आणि लोक मागे उभे राहिले म्हणून टिकल्या. फ्रान्सने १९७६ मध्ये कायदाच केला की समुद्राला लागून असलेल्या खाजगी जमिनीतूनही तीन मीटरचा पट्टा चालणाऱ्यांसाठी मोकळा राहील. वेल्सने २०१२ मध्ये अख्ख्या देशाच्या किनाऱ्याला धरून १,४०० किलोमीटरची वाट खुली केली. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या किनाऱ्यावर हाचिनोहेपासून सोमापर्यंत हजार किलोमीटरहून लांब पायवाट बांधून २०१९ मध्ये पूर्ण केली, लोकांनी त्या गावांतून परत चालत जावं, थांबावं म्हणून.

इंग्लंडच्या २००९ च्या किनारा कायद्यातली एक तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. किनारा झिजतो हे त्यांनी धरूनच चाललंय. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या होल्डरनेसच्या मातीच्या कड्यांसारख्या ठिकाणी समुद्र वर्षाला सरासरी दोन मीटर जमीन खातो, तिथे आज आखलेली वाट काही वर्षांनी हवेत असेल. म्हणून कड्याबरोबर वाटही मागे सरकेल अशी सोय आधीच करून ठेवलीये, दरवेळी नव्याने भांडावं लागत नाही. आपल्यापैकी जे कुणी कड्याच्या टोकावर टेंट लावायला किंवा रेलिंग ठोकायला निघतात त्यांनी यावर जरूर विचार करावा. कड्याची कड खालून पोखरलेली असू शकते, वरून ते दिसत नाही, आणि जोराच्या पावसानंतर कड्याखाली सावलीला बसणं तर अजिबातच नको.

सायकलसाठी सगळ्यात हुशारीचं काम इटलीत झालंय असं मला वाटतं. लिगुरियाच्या किनाऱ्यावरून जाणारी जुनी एकेरी रेल्वेलाईन २००१ मध्ये आत हलवली आणि मोकळ्या झालेल्या मार्गावर सान लोरेन्झो अल मारेपासून ओस्पेदालेत्तीपर्यंत २४ किलोमीटरचा पायी आणि सायकलचा रस्ता केला. रेल्वेला चढ चालत नाही, म्हणून तो सपाट आहे, समुद्राला लागून आहे, बोगद्यातून जातो, आणि आठ वर्षांचं मूल आणि सत्तरीचे आजोबा दोघंही तिथे सायकल चालवू शकतात. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्याने रोस्कॉफपासून आंदाईपर्यंत बाराशे किलोमीटरहून लांब सायकलमार्ग जातो, त्यातला बराच भाग गाड्यांपासून वेगळा, कालव्याच्या काठाने आणि पाइनच्या जंगलातून, आणि वाटेत कॅम्पसाईट लागत राहतात. जपानच्या शिमानामी काइदोवर तर रस्त्याच्या कडेला एक निळी रेघ मारलीये, ती धरून चाललं की बेटांवरून, पुलांवरून साधारण ७० किलोमीटर पार. रेघ मारायला किती खर्च येतो? नवखा माणूस त्या एका रेघेच्या भरवशावर न घाबरता निघतो.

पायी आणि सायकल एकाच अरुंद वाटेवर घालू नये असं मात्र माझं ठाम मत आहे. कड्यावरची हातभर रुंद वाट चालणाऱ्यांचीच राहू द्या, तिथे सायकल म्हणजे दोघांनाही धोका. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने चालणारे आणि सायकलवाले दोघांनाही बहुतेक मोकळ्या जमिनीवर जायचा हक्क दिलाय, पण जबाबदारीने वागाल या अटीवर. समोरून माणूस आला की वेग कमी करायचा, घंटी लांबूनच वाजवायची, जागा नसेल तर उतरायचं, इतकं साधं आहे ते. खरं तर वारा आणि लाटांच्या आवाजात मागून येणारी सायकल ऐकूच येत नाही, हे सायकलवाल्यांच्या लक्षात येत नाही कारण त्यांना स्वतःची सायकल ऐकू येत असते.

वरच्या कोरड्या वाळूतून सायकल नेऊ नका हे अजून एका कारणाने सांगते. भरतीच्या रेघेच्या वर काही पक्षी थेट वाळूतच अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची असतात, चाकाखाली गेली तरी कळणार नाही. कासवांची घरटीही त्याच पट्ट्यात. टेकाडांवरचा मर्यादावेल आणि गवत तुडवलं की त्याने धरून ठेवलेली वाळू उडायला लागते. आणि कासवांची पिल्लं रात्री उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे जातात, कॅम्पचे झगझगीत दिवे समुद्राच्या बाजूला असतील तर ती उलटी जमिनीकडे येतात. पहाटे चालायला निघणाऱ्यांनी हेडलॅम्प खाली जमिनीकडे धरावा, कॅम्पवाल्यांनी समुद्राकडचे दिवे रात्री बंद ठेवावेत.

तर कॅम्प चालवणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे की गेटपाशी एक फळा लावा. त्यावर रोज सकाळी आजच्या दोन्ही ओहोटी आणि दोन्ही भरतींच्या वेळा, उधाण आहे की भांग, वारा कुठून, आणि या किनाऱ्यावर डावीकडची सोंड किती ते किती मोकळी असते, उजवीकडची खाडी पायी ओलांडायची की नाही हे लिहा. कोण कुठल्या दिशेला गेलंय आणि कधी परत येणारे हे लिहायला शेजारी एक वही ठेवा, संध्याकाळी ती उघडून बघा. आणि संपादक महोदय, तुम्हाला विनंती ही की सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापता तिथेच शनिवार-रविवारच्या भरती-ओहोटीच्या वेळा छापा, आणि पुरवणीत कुठल्याही समुद्राकाठच्या मुक्कामाबद्दल लेख आला तर खाली चार ओळी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी असल्याच पाहिजेत असा नियम करा, लेखकाला त्या माहीत नसतील तर त्याने तिथल्या माणसाला विचारून लिहाव्यात. कुठली वाट कधी बंद होते, कुठे चढ दमवतो, कुठे पाणी मिळतं हे तुमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे लिहून ठेवलेलं असणार. त्यांच्याकडून ते मागवा, किनाऱ्यागणिक छापा, आणि वाट बदलली की दुरुस्तीही छापा. माझ्या वहीतल्या नोंदी मी पाठवायला तयार आहे, कुठल्या पत्त्यावर पाठवायच्या तेवढं पुढच्या अंकात कळवा.

आपली,
एक नियमित वाचक